मोहित्यांची तारीख मागे ओढताना

मला पोहता येत नाही. पुलाऊ उबिन बेटावर जाणाऱ्या त्या छोट्या बोटीत बसले तरी मला मळमळतं. आणि तरीही चोवीस वर्षं मी सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत खुर्चीवर बसून ठरवत होते की समुद्रावर कोण कोणाच्या वर.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी घरात विचारलं, "माझ्या कामाबद्दल कोणाला काय वाचायचंय?" मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, you were like HR for ships, lah. Just write that." वीस वर्षं मी त्याच्याशी मराठी बोलत आले आणि त्याचं उत्तर हे असं येतं. पण त्याच्या उत्तरात चूक आहे, आणि ती दुरुस्त करायची म्हणून लिहायला बसले. चुका दुरुस्त करणं हेच माझं काम होतं.

आमची कंपनी जहाजांची मालक नव्हती. मालक वेगळे असत, आम्ही त्यांची जहाजं चालवायला माणसं द्यायचो. ऑफिस आधी बंदराजवळ होतं. पुढे तिथली भाडी परवडेनात तेव्हा आंग मो किओच्या एका औद्योगिक इमारतीत आलो. खालच्या मजल्यावर सर्किट बोर्ड बनवायचे आणि वर आम्ही. खिडकीतून समुद्र सोडा, डबकंही दिसायचं नाही.

जहाजावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक हुद्दा असतो, आणि आमच्या ऑफिसात त्या हुद्द्याला एक तारीख असते. समजा एकजण सेकंड इंजिनिअर आहे. तो त्या हुद्द्यावर कधीपासून धरायचा, ती त्याची तारीख. त्याच्या वर चीफ इंजिनिअर, जहाजाच्या सगळ्या यंत्रांचा धनी. चीफची एक जागा रिकामी झाली आणि सगळ्या परीक्षा पास झालेले चार सेकंड इंजिनिअर रांगेत असले, तर ज्याची तारीख सगळ्यात जुनी त्याला आधी बोलावणं जातं. एवढं साधं. पण एखाद्याने आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे नोकरी केलेली असेल, तर तीही काही प्रमाणात धरावी लागते. मग त्याची तारीख आम्ही त्या हिशेबाने मागे न्यायचो. आमच्या ऑफिसात याला 'तारीख मागे ओढणं' म्हणायचे. म्हणायचे म्हणजे मीच म्हणायचे. माझी चिनी सहकारी सू लिन हे तीन मराठी शब्द माझ्याकडूनच शिकली होती.

या तारखांपायी माणसं काय काय करतात ते मी पाहिलं. एका तरुण अधिकाऱ्याची बढती ज्या दिवसापासून होती, नेमका त्याच दिवशी त्याचं जहाज पॅसिफिकमधली आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून अमेरिकेकडून आशियाकडे आलं. तिकडून इकडे येताना कॅलेंडरातला एक दिवस गळतो. त्याच्या जहाजावर तो दिवस उगवलाच नाही. बिचाऱ्याने मला काळजीने मेल लिहिलं की माझी बढती झाली की नाही? मी उत्तर पाठवलं, 'तुमच्याकडे तो दिवस नव्हता, पण सिंगापूरला होता आणि मी ऑफिसात होते. अभिनंदन.'

दुसरे दोघे, एकाच वर्गातले मित्र, एकाच दिवशी बढती मिळालेले. तारीख सारखी असली की वयाने मोठा तो वरचा, असा नियम. त्यातला लहान मला पटवायला आला की त्याची खरी जन्मतारीख आधीची आहे, शाळेत गुरुजींनी अंदाजाने घातली. आयुष्यात एवढा एकच माणूस मी म्हातारं व्हायला धडपडताना पाहिला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला सांगायचंय ते मोहित्यांचं, कारण मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते मनातून जात नाही.

सुरुवात झाली अनूप नायरपासून. अनूप केरळचा, तिशी नुकतीच ओलांडलेला, हुशार आणि देखणा. चीफ इंजिनिअर म्हणून त्याच्या बढतीचं पत्र आठवड्यापूर्वीच गेलं होतं. तुआसच्या गोदीत आमचं एक नवंकोरं म्हणावं असं जहाज दुरुस्तीला उभं होतं, त्यावर तो चढणार होता. जहाजावर जायच्या आधी अधिकारी एक दिवस ऑफिसात येऊन सूचना ऐकून जातात, तसा तो आला होता. सगळं झाल्यावर माझ्या टेबलाशी घुटमळला.

"मॅडम, मुझे कोई दूसरी शिप दे दीजिए."

मला वाटलं घरचं काही असेल. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, मला माहीत होतं. मी विचारलं तर म्हणाला, तसं नाही.

"या जहाजावर सेकंड इंजिनिअर मोहिते सर आहेत. मी त्यांना ऑर्डर कशी देणार?"

"का? ओळखीचे आहेत?"

"ओळखीचे?" तो हसला. "मी पहिल्यांदा जहाजावर चढलो तेव्हा मला पाना धरता येत नव्हता. ते तेव्हा सेकंड होते. सगळं त्यांनीच शिकवलं. आता मी त्यांचा चीफ? शरम वाटते, मॅडम."

मी त्याला बघते म्हटलं आणि तो गेला. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की गुरूला हुकूम सोडायची वेळ येऊ नये. माझ्या डोक्यात मात्र वेगळीच घंटा वाजली. अनूप शिकाऊ होता तेव्हा जर मोहिते सेकंड इंजिनिअर होते, तर रांगेत अनूप त्यांच्या पुढे कसा?

मोहिते मला चांगले आठवत होते. आमच्या ऑफिसात येणाऱ्या अधिकाऱ्यांत साताऱ्याकडचं मराठी बोलणारा दुसरा माणूस नव्हता. कोरेगावजवळच्या एका गावातून कोवळ्या वयात नौदलात भरती झाले, यंत्रांवर काम करत करत खालून वर चढले आणि लेफ्टनंट होऊन बाहेर पडले. मग चाळिशीच्या तोंडावर, पोरांच्या बाकावर बसून व्यापारी जहाजांच्या परीक्षा दिल्या. आमच्या कंपनीचा नियम चांगला होता. नौदलात इंजिन रूमचा पहारा स्वतंत्रपणे सांभाळलेला असेल, तर त्या वर्षांचा काही भाग धरायचा. मोहिते सेकंड इंजिनिअर झाले तेव्हा त्यांची तारीख मीच मागे ओढली होती.

पुढे मधेच त्यांनी नोकरी सोडली. बायकोला अर्धांगाचा झटका आला होता. मूलबाळ नाही, घरी दुसरं कोणी नाही. ती उठून चालायला लागेपर्यंत ते गावी राहिले आणि मग परत आले. आम्ही आनंदाने घेतलं. त्याच सुमारास कंपनीने नवी संगणक प्रणाली आणली होती आणि जुनी माहिती तिच्यात भरायचं काम बाहेरच्या लोकांना दिलं होतं. त्या लोकांनी साधा विचार केला. जो सोडून गेला आणि परत आला, तो नवा. त्यांनी परत आल्याची तारीख टाकली आणि पुढे गेले. मोहित्यांची नौदलातली वर्षं, आमच्याकडची आधीची वर्षं, सगळी एका झटक्यात पुसली गेली. आमचा नियम तसा नव्हता. घरच्या अडचणीसाठी गेलेला माणूस ठरावीक मुदतीत परत आला, तर मधला काळ तेवढा वगळायचा. आधीचं आधीचंच राहतं.

मी सगळं नीट मांडून आमचे मॅनेजर मिस्टर लिम यांच्याकडे गेले. लिम वाईट माणूस नव्हते. फार काळजी करणारे होते, आणि काळजी करणाऱ्या माणसाला हललेली गोष्ट आवडत नाही.

"तो माणूस स्वतः काही बोलला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तू कशाला उकरतेस, शोभना? नायरचं पत्र गेलंय. एकाची तारीख हलवली की मागच्या सगळ्यांची हलते, लाह. उद्या रांग लागेल दाराशी."

"चूक आपल्या बाजूची आहे."

"मान्य. पण नियमात काय आहे? दुरुस्तीचा अर्ज ज्याचा त्याने करायचा. त्याने केला तर मी बघेन. त्याने केला नाही, तर तू आणि मी त्याच्या वतीने भांडण सुरू करायचं नाही."

यात तथ्य होतं, म्हणून मला अजून राग आला. शिवाय एक गोष्ट लिमनाही माहीत होती आणि मलाही. आमचे बहुतेक जहाजमालक पन्नाशी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदा चीफ म्हणून घेत नसत. मोहिते पन्नाशीला टेकले होते. ही जागा गेली, तर चुकीच्या तारखेने रांगेत नंबर येईपर्यंत पन्नाशी उलटणार आणि ते कायमचे सेकंड इंजिनिअर राहणार होते.

दुसऱ्या दिवशी मी बुकित बातोकच्या घरून सकाळीच निघाले, ज्युरोंग ईस्टला गाडी बदलली आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत गेले. तिथून गोदीची बस. फाटकावर पास, डोक्यावर हेल्मेट, पायात दोन नंबर मोठे सेफ्टी बूट. कोरड्या गोदीत उभं असलेलं जहाज ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना काय सांगू? एखादी दहा मजली इमारत पाण्यातून उपटून खड्ड्यात ठेवल्यासारखं ते दिसतं. खाली बांगलादेशी आणि तामिळ कामगार त्याचं पोट खरवडत होते. मोहिते वर येऊन मला भेटले. केस आता पांढरे, बॉयलर सूटवर काळे डाग, पण पाठ तशीच ताठ.

"मॅडम, तुम्ही इथं? कोण गेलं का?" ऑफिसचं माणूस न सांगता गोदीत आलं की खलाशी आधी हेच विचारतात.

"सगळं ठीक आहे. चहा पिऊ या का?"

गोदीच्या कँटीनमध्ये आम्ही तेह तारिक घेऊन बसलो. शेजारच्या टेबलावर वेल्डर परोटे खात होते. मी त्यांना सगळं सांगितलं. माझं संपल्यावर ते म्हणाले, "ते मला माहितीये."

"काय माहितीये?"

"अनूप माझ्या वर आलाय ते. यादी आम्हालाही दिसते की."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी ग्लास गोल फिरवला. "ताई, मी जहाज सोडून गेलो होतो. सोडून जाणारा माणूस परत आला की खालच्या पायरीवरच उभा राहतो. तुम्ही परत घेतलंत हेच माझ्या मनात मोठं. आणि नौदलात वीस वर्षं काढलेला माणूस स्वतःच्या ज्येष्ठतेसाठी हात पसरत नाही. वरचे बघतील, असं शिकवलेलं असतं."

"वरच्यांनी बघितलं नाही. म्हणून मी आलेय."

"अनूप चांगला पोरगा आहे. मला त्याच्या हाताखाली काही जड जाणार नाही."

मी नियम समजावला. सोडून गेल्याची शिक्षा कुठेच लिहिलेली नाही. फक्त ते घरी होते तेवढा काळ धरत नाहीत. नौदलाची वर्षं तशीच, आमच्याकडची आधीची वर्षं तशीच. मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी नुसती मान हलवली होती. दुसऱ्यांदा ते थांबले.

"म्हणजे मंडळीच्या आजारपणात गेली ती दोन वर्षंच गेली? बाकीचं काही गेलं नाही?"

"नाही."

त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. मग हळू म्हणाले, "तिला बोलायला अजून त्रास होतो. शब्द एकेक करून येतात. पण डोकं अगदी शाबूत आहे. मी परत जहाजावर आलो तेव्हा तिनं विचारलं होतं, माझ्यामुळं तुमचं सगळं मागं गेलं ना? मी म्हणालो, छे. पण मी खोटं बोलतोय हे तिला कळलं होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी घरी गेलो की तिची नजर माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे जाते. अजून तीनच आहेत का, बघते."

सेकंड इंजिनिअरला तीन पट्टे असतात आणि चीफला चार, एवढं मला ठाऊक होतं. पण ते कोरेगावच्या एका घरात कोणी मोजत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"अर्ज करा," मी म्हटलं.

"करीन. पण आधी अनूपशी बोलू द्या. त्याच्या मागून काही करणार नाही."

"अनूपच माझ्याकडे आला होता," मी सांगितलं. "तुम्हाला हुकूम द्यायला नको म्हणून दुसरं जहाज मागत होता."

"स्वतः आला होता?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच कँटीनमध्ये आम्ही तिघे बसलो. मी मनात उगाच एक चित्र रंगवलं होतं, की अनूप सगळं ऐकेल आणि आनंदाने म्हणेल, सर, जागा तुमची. तसं झालं नाही. मी दुरुस्तीचं सांगत गेले तसा तो गप्प होत गेला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, मी तुमच्याकडे दुसरं जहाज मागायला आलो होतो. माझी बढती काढून घ्या असं म्हणालो नव्हतो."

"तसं कोणी म्हणत नाहीये."

"मग दुसरं काय होणार? माझ्या वडिलांनी गावात सगळ्यांना सांगितलंय. सासरी सांगितलंय. येणाऱ्या मुलाचा बाप चीफ इंजिनिअर आहे म्हणून बायको..." तो थांबला. "मी तुम्हाला सांगायलाच नको होतं."

त्याचा राग रास्त होता. भलेपणाने केलेली गोष्ट अंगावर येताना दिसली की कोणालाही असंच वाटेल. तो उठून बाहेर गेला आणि कठड्याशी उभा राहिला. मोहिते थोड्या वेळाने त्याच्याजवळ गेले. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. क्रेनचा आवाज चालू होता. मोहिते बोलत होते, अनूप खाली गोदीत बघत होता. मग अनूप काहीतरी बोलला आणि मोहित्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. परत आले तेव्हा अनूपचे डोळे लाल होते. त्याने माझी माफी मागितली. मी म्हटलं, गरज नाही.

मोहिते म्हणाले, "ताई, मी अर्ज करतो. तारीख दुरुस्त करा, माझा क्रम जिथं असायला हवा तिथं लावा. पण या जहाजावर अनूपच चीफ राहील. त्याला पत्र दिलंय, ते परत घ्यायचं नाही. दुसरं कुठलं जहाज आहे?"

एक होतं. कंपनीतलं सगळ्यात जुनं, नेहमी कुरकुरणारं. त्याचा चीफ महिन्याभरात निवृत्त होणार होता आणि तिथे जायला कोणी फारसं उत्सुक नसायचं.

"ते द्या," मोहिते म्हणाले. "जुन्या इंजिनांवरच वाढलोय मी."

अर्ज घेऊन मी लिमसमोर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "नायर भांडला नाही?"

"भांडला. मग थांबला."

लिमनी दोन दिवस घेतले. मालकांशी बोलले, नौदलाची प्रमाणपत्रं पुन्हा तपासून घेतली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तपासलीच असती. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली आणि मला म्हणाले, "अशी अजून किती माणसं आहेत ते शोधून काढ. त्यांनी विचारायची वाट बघू नकोस." तेवढ्यासाठी मी लिमना आजही मानते. अजून काही निघाली. सोडून जाऊन परत आलेली, आणि खालच्या पायरीवर उभं राहायचं असतं असं समजून गप्प बसलेली. आम्ही एकेकाला स्वतःहून कळवलं. पुढे नियमही बदलला. तारखेत काही शंका आली तर आता ऑफिसनेच माणसाला विचारायचं असतं, त्याच्या अर्जाची वाट बघायची नसते. माझ्या निरोप समारंभात माझ्याबद्दल बरंच गोड बोललं गेलं, पण हे कोणी बोललं नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

आता उरला म्यो.

म्यो विन बर्माचा. रांगेत अनूपच्या मागे त्याचाच नंबर होता. जुन्या जहाजावर चीफ म्हणून तोच जाणार होता. पत्र गेलेलं नव्हतं, पण मीच त्याला फोनवर सूतोवाच केलं होतं. आता ती जागा मोहित्यांना गेली होती आणि तुआसच्या जहाजावर मोहित्यांच्या जागी सेकंड इंजिनिअर हवा होता. म्यो तिथे अनूपच्या हाताखाली जाणार होता, जो वयाने त्याच्याहून लहान होता. हे मेलवर कळवणं मला बरं वाटेना, म्हणून मी फोन केला. सगळं समजावून सांगितलं, की कोणाची तरी जुनी चूक दुरुस्त होते आहे, यात तुमचा काही दोष नाही, पुढची जागा तुमचीच.

तो म्हणाला, "ओके मॅडम. नो प्रॉब्लेम, मॅडम."

मी विचारलं, तुम्हाला काही बोलायचं आहे का? पुन्हा तेच. "नो प्रॉब्लेम, मॅडम."

त्याने ते पूर्ण काम नीट केलं, अनूपने त्याच्याबद्दल चांगला अहवाल लिहिला, आणि काम संपल्यावर तो दुसऱ्या कंपनीत चीफ म्हणून निघून गेला. त्याच्या मनात काय होतं ते मला कधी कळलं नाही. मोहित्यांच्या बाबतीत मी जे केलं ते बरोबरच होतं, आजही तेच करेन. पण एका माणसाला त्याच्या जागी उभं करायचं तर रांगेतल्या दुसऱ्या कोणाला तरी एक पाऊल मागे सरकावं लागतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा 'नो प्रॉब्लेम' म्हणणारा असतो. माझ्या कामातली ही गोष्ट मला कधी आवडली नाही.

ते जुनं जहाज काही आठवड्यांनी तुआसलाच आलं. मोहित्यांनी त्याच आठवड्यात ताबा घेतला होता. जहाज निघायच्या दिवशी मला काही कागदांवर त्यांच्या सह्या हव्या होत्या. तसं कोणालाही पाठवता आलं असतं, पण मी स्वतः गेले. सू लिन म्हणाली, "तू? तुला तर बोट लागते." मी म्हटलं, बांधलेली बोट नाही लागत.

सह्या झाल्यावर मोहिते म्हणाले, "ताई, इतकी वर्षं इंजिनिअरांच्या तारखा लावताय. इंजिन बघितलंय कधी?"

नव्हतं बघितलं. ते मला खाली घेऊन गेले. उभे लोखंडी जिने, एकाखाली एक, आणि प्रत्येक जिन्याला उष्णता वाढत जाते. कानांत बोळे घातले होते तरी जनरेटरांचा आवाज छातीत बसत होता. मधोमध ते मुख्य इंजिन, अजून बंद, दोन मजले उंच. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मोहिते मला हातवारे करून काहीतरी समजावत होते. त्यातलं निम्मं कळलं नाही. पण आपल्या घरातली खोली दाखवावी तसं ते दाखवत होते, एवढं कळलं.

मग त्यांनी मला काचेच्या कंट्रोल रूममध्ये आणलं. तिथे जरा गार होतं आणि बोलणं ऐकू येत होतं. पांढऱ्या बॉयलर सूटच्या खांद्यावर त्यांचे चार पट्टे नवेकोरे होते. मी विचारलं, "घरी दाखवले का?"

"व्हिडिओवर," ते म्हणाले. "बघून ती एकच शब्द बोलली. 'चार.' तेवढाच शब्द तिला सरळ आला."

तेवढ्यात दार ढकलून एक खलाशी आत आला, रत्नागिरीकडचा, हातात तेलाने माखलेलं फडकं. भारतीय जहाजांवर चीफ इंजिनिअरला 'बडा साब' म्हणायची पद्धत आहे, हे मला तिथेच कळलं. तो म्हणाला, "बडा साब, वरून विचारतायत. इंजिन सुरू करायचं का?"

मोहित्यांनी चटकन मागे वळून दाराकडे पाहिलं. खलाशाच्या मागून कोणी येतंय का ते बघत होते. मीही नकळत तिकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

खलाशी त्यांच्याचकडे बघत उभा होता.

मोहित्यांनी पाठ ताठ केली, समोरच्या मीटरांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "हो. करा सुरू."